हिवाळी फॅशनचा मजकूर आणि विरारची पहाटेची लोकल

दिवाळी सरली की आठ-पंधरा दिवसांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांमध्ये एक ठरावीक लेख उगवतो. विषय असतो महाविद्यालयीन तरुणांसाठी थंडीची फॅशन. पॅरिस-मिलानच्या रॅम्पवर यंदा काय दिसले हे सांगून तो सुरू होतो. मग ‘तोच लूक खिशाला परवडेल असा’ कसा साधावा याची कृती येते. पफर जॅकेट, ओव्हरसाइज्ड ब्लेझर, ट्रेंच कोट, लोकरी स्कार्फ, घोट्यापर्यंतचे बूट. शेवटी ‘आत्मविश्वास हाच खरा दागिना’ अशा अर्थाचे एक वाक्य. गेली काही वर्षे वसईतल्या एका महाविद्यालयात शिकवताना मी हे लेख जमवत आले आहे. त्यांच्याकडे कुणी गंभीरपणे पाहत नाही. मला मात्र ते पाहण्याजोगे वाटतात, कारण कपड्यांविषयीची जी काही समीक्षा आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत मराठीतून पोचते, ती बहुतांशी एवढीच असते.

कपड्यांविषयीचा मजकूर हाच अभ्यासाचा विषय करणारे मोठे उदाहरण रोलाँ बार्थ यांचे आहे. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या फॅशनव्यवस्थेवरील ग्रंथासाठी त्यांनी जून १९५८ ते जून १९५९ या काळातली फ्रेंच फॅशन नियतकालिके, मुख्यतः ‘एल’ आणि ‘ल जार्दँ द ला मोद’, वाचून काढली. शिवलेले वस्त्र, छायाचित्रातले वस्त्र आणि शब्दांतले वस्त्र असे तीन भाग त्यांनी वेगळे केले आणि तिसऱ्यावर लक्ष केंद्रित केले. छायाचित्रातल्या कपड्याकडे आपण कसेही पाहू शकतो. शब्द मात्र त्यातल्या एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात आणि तीच फॅशन ठरते. शिवाय हे शब्द कपड्याभोवती एक जगही उभे करतात. अमुक कोट शनिवार-रविवारच्या सहलीसाठी, तमुक झगा संध्याकाळच्या चहासाठी. वाचणाऱ्याकडे ती सहल आणि तो चहा आहे, हे गृहीतच धरलेले असते.

आपल्या पुरवणीतल्या लेखात असे काय गृहीत धरलेले असते? सर्वांत आधी थंडी. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस आहे आणि ते जानेवारी १९६२ मधले आहे. एरवी जानेवारीतले सरासरी किमान तापमान १६-१७ अंशांच्या आसपास असते आणि दुपारचे कमाल ३० अंशांच्या घरात. वसई-विरारच्या वाड्या, मिठागरे आणि मोकळी रानं यांमुळे पहाट थोडी अधिक बोचते, एवढाच फरक. म्हणजे इथला हिवाळा हा ऋतूपेक्षा एक वेळ आहे. पहाटे पाच ते साधारण नऊ, आणि मग पुन्हा रात्री उशिरा.

ही वेळ कोणाच्या वाट्याला येते, हा माझ्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. वसईच्या वाड्यांमधून फुले घेऊन दादरच्या बाजाराला निघालेल्या बायका, नालासोपाऱ्याहून पहिल्या पाळीला जाणारे कामगार आणि सकाळच्या वर्गाला किंवा दक्षिण मुंबईतल्या कॉलेजला निघालेले विद्यार्थी. विरारहून सुटलेल्या लोकलच्या दारात उभे राहिलेल्या मुलीला लागणारा वारा १६ अंशांचा राहत नाही. वैतरणा खाडीच्या बाजूने येणारे दमट धुके त्यात मिसळलेले असते. आणि हीच मुलगी दुपारी एक वाजता पंखा बंद पडलेल्या वर्गात बसते, तीन वाजता दुकानात अर्धवेळ कामाला उभी राहते आणि रात्री नऊला परतते. तिचा पोशाख या तिन्ही ठिकाणी चालला पाहिजे. उतरवलेला थर बॅगेत मावला पाहिजे आणि बॅगेत आधीच डबा, वह्या, पाण्याची बाटली असते.

मी जमवलेल्या लेखांपैकी एकातही दुपार नाही. कपडा अंगावर चढवायला सांगितला जातो, उतरवून कुठे ठेवायचा याविषयी एक शब्द नाही. ही वगळणूक अपघाती नाही. ज्या शहरांचे अनुकरण चालले आहे तिथे दिवसभर थंडी असते आणि आत शिरल्यावर कोट अडकवायला खुंटी असते. लेख परवडणारी किंमत शोधतो, पण खुंटीचा पर्याय शोधत नाही.

पफर जॅकेटचे उदाहरण घेऊन हे तपासता येईल, कारण हल्ली सर्वाधिक जागा त्यालाच मिळते. या जॅकेटला दोन पूर्वज आहेत. अमेरिकेतल्या एडी बाउअर यांनी थंडीत मासेमारीला गेले असता जिवावर बेतल्यानंतर पक्ष्यांची मऊ पिसे भरून, शिवणींनी कप्पे पाडलेले जॅकेट तयार केले. त्याचे पेटंट १९४० चे आहे. दुसरा पूर्वज उच्च फॅशनमधला आहे. चार्ल्स जेम्स यांनी १९३७ मध्ये पांढऱ्या साटिनचे, पिसांनी फुगवलेले जाकीट केले. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पुढे १९९२ मध्ये ‘द नॉर्थ फेस’ने ‘नुप्त्से’ नावाचे जॅकेट आणले आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या, हिप-हॉप ऐकणाऱ्या पोरांनी ते आपलेसे केले. मार्च २०१६ मध्ये देम्ना ग्वासालिया यांनी बालेन्सियागासाठीच्या आपल्या पहिल्या संग्रहात पफर खांद्यांवरून खाली घसरवून दाखवले. उबेसाठी जन्मलेला कपडा आता खांदा उघडा टाकून घातला जाऊ लागला. कारण मागे पडले आणि आकार शिल्लक राहिला.

नुप्त्से हे एव्हरेस्टच्या कुशीतले शिखर. तिबेटी भाषेत त्याचा अर्थ पश्चिमेचे शिखर. आपल्याकडे महाराष्ट्रातल्या शहरांत हिवाळ्यात रस्त्याकडेला स्वेटरांचे जे तिबेटी बाजार भरतात, त्यांत या जॅकेटच्या नकला टांगलेल्या असतात. १९५९ नंतर भारतात आश्रयाला आलेल्या तिबेटींपैकी अनेकांनी हा हंगामी धंदा पत्करला. त्यांची एक वसाहत आपल्या गोंदिया जिल्ह्यातही आहे. माल बराचसा लुधियानाच्या होजियरीतून, बऱ्याचदा उधारीवर उचललेला असतो आणि हंगाम संपल्यावर हिशेब चुकता होतो. हिमालयातल्या शिखराचे नाव अमेरिकी कंपनीकडून जगभर फिरून, लुधियानात शिवले जाऊन, हिमालय ओलांडून आलेल्या विक्रेत्याच्या हातून पश्चिम रेल्वेच्या प्रवाशापर्यंत पोचते. पुरवणीच्या लेखात ‘स्ट्रीट शॉपिंग’ या दोन शब्दांत हा सगळा प्रवास आटोपतो.

या नकलेत पिसांऐवजी पॉलिस्टरचा पातळ थर असतो आणि कमी किमतीच्या स्वेटरांत लोकरीऐवजी ॲक्रिलिक. याला मी दोष देत नाही. पिसे भिजली की ऊब हरवतात आणि आपल्या दमट हवेत, चाळीतल्या दोरीवर, ती वाळणार कधी? पॉलिस्टर धुऊन रात्रीत वाळते. इथे स्वस्त वस्तू मूळ वस्तूपेक्षा सरस ठरते. पण हे ओळखण्यासाठी ‘मूळच्या किती जवळ’ हा निकष सोडावा लागतो. पुरवणीचा लेख नेमका तोच निकष धरून बसतो. ‘अगदी ब्रँडेड वाटेल’ ही त्याच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी.

या शाबासकीमागे एक जुना सिद्धान्त आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०४ च्या फॅशनवरील निबंधात मांडले, की वरचा वर्ग वेगळेपणासाठी काही अंगीकारतो, खालचा वर्ग त्याची नक्कल करतो आणि मग वरचा ते टाकून पुढे जातो. वसई-विरारला हा सिद्धान्त अर्धाच लागू पडतो. पॅरिसचा संग्रह किंवा कोरियन मालिकेतला लांब कोट जुहूच्या मुलीला आणि नालासोपाऱ्याच्या मुलीला एकाच रात्री, एकाच आकाराच्या पडद्यावर दिसतो. माहिती आता वरून झिरपत नाही, किंमत मात्र झिरपण्याची वाट पाहावी लागते. टाटा समूहातल्या ट्रेंटने २०१६ मध्ये सुरू केलेल्या झुडिओसारख्या साखळीचे यश या फटीत आहे. परवडण्याची रेषा कायद्यानेही आखलेली आहे. हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के जीएसटी आणि त्यापुढे बारा, अशी रचना होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्क्यांची मर्यादा अडीच हजारांवर गेली आणि त्यापुढच्या कपड्यावर अठरा टक्के लागू झाले. ‘अवघ्या दोन हजारांत’ लिहिणाऱ्याला आता कायद्याचाही आधार मिळाला. पण वसई-विरार लोकलचा विद्यार्थी पास काढताना शंभर-दोनशे रुपयांचा विचार करणाऱ्या घरात ‘अवघ्या’ हे विशेषण कसे वाचले जात असेल, याचा विचार लेखकाने केलेला नसतो.

मग मुले करतात काय? मला वर्गात आणि फलाटावर जे दिसते ते असे. वडिलांचा जुना जाड शर्ट टी-शर्टवर बटणे न लावता घातलेला असतो. परदेशी दुकाने त्यालाच ‘शॅकेट’ म्हणून विकतात. ओढणी पहाटे कान-डोके झाकते, दुपारी खांद्यावर येते, संध्याकाळी डब्याची पिशवी बांधते. एकच हुडी भावंडांमध्ये पाळीने फिरते, सकाळच्या कॉलेजवाल्याला आधी. नाताळ आणि लग्नांसाठी शिवलेले कोट वसईच्या ख्रिस्ती घरांतून पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आजोबांच्या कोटाच्या बाह्या आखडून नातीने तो जीन्सवर घातलेला मी पाहिला आहे. गल्लीतला अल्टर करणारा टेलर यात मोठे काम करतो, पण त्याचे नाव कोणत्याही फॅशन लेखात येत नाही. बोहारणीला भांड्याच्या बदल्यात काय द्यायचे आणि काय ठेवायचे यावर हल्ली मुली आईशी वाद घालतात, कारण ढगळ कपड्यांची लाट आल्यापासून जुन्या कपड्यांना घरातच गिऱ्हाईक मिळाले आहे.

उच्च फॅशनचे खरे रूपांतर मला इथे दिसते. थरांवर थर, ढगळपणा, जुन्याचा पुनर्वापर ही तत्त्वे मुलांनी घेतली आणि वस्तू सोडून दिल्या. पुरवणीचा लेख उलटे करतो. तो वस्तू घेतो, तिची किंमत उतरवतो आणि तत्त्व वाटेत सांडतो.

तरीही या मुलांच्या कौशल्याचे कौतुक करून थांबणे मला मान्य नाही, कारण यात एक बोच आहे. भावाची हुडी घालणारी मुलगी ती ‘आवड’ म्हणून घातली असे सांगते. दुसरी नाही म्हणून घातली, असे सांगत नाही. गोधडीचेच पाहा. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यांवर धावदोऱ्याचे टाके, म्हणजे कापडांच्या मध्ये हवा अडवून ऊब धरण्याची तीच युक्ती, जी बाउअर यांच्या जॅकेटात आहे. न्यूयॉर्कमधल्या ‘बोडी’ या, २०१६ मध्ये सुरू झालेल्या ब्रँडने जुन्या गोधड्यांची जॅकेटे करून नाव मिळवले. २०२१ च्या मेट गालामध्ये रॅपर एसॅप रॉकी भलीमोठी गोधडी पांघरून आला. तिच्यात वापरलेली मूळ गोधडी जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतलेली होती आणि ती आपल्या पणजीची असल्याचे एका स्त्रीने छायाचित्रे पाहून ओळखले. तिथे गोधडी अंगावर आली की ती कलाकृती होते. विरारच्या फलाटावर ती अंगावर घेतलेल्या माणसाला लोक बेघर समजतात. कापड तेच, टाका तोच. फरक पडतो तो ‘हिच्याकडे दुसरा पर्याय होता का’ या न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराने.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. व्यापार आणि ठेकेदारी केलेल्या जोतीरावांकडे चांगले कपडे नव्हते असे नाही. दागिन्यांनी मढलेल्या पाहुण्यांवरून देशाची पारख करू नका, हे त्यांना राजपुत्राला सांगायचे होते आणि वेष हा त्या भाषणाचा भाग होता. त्यांनी तो निवडला होता, म्हणून त्याला अर्थ आला. ज्यांना निवड नव्हती, त्यांच्यासाठी ते बोलले.

म्हणून या लेखांकडून माझी मागणी ‘आणखी स्वस्त पर्याय सुचवा’ अशी नाही. आधी दुपार लिहा. कपडा किती वेळ लागतो, बॅगेत मावतो का, रात्रीत वाळतो का, धाकट्याला पुढे होईल का, हे लिहा. टेलरचे पैसे हिशेबात धरा. घरातली गोधडी, शेजघरातला जुना कोट, आईची शाल यांना ‘जुगाड’ म्हणू नका. पॅरिसच्या शिवणीला जी शब्दसंपत्ती आपण बहाल करतो, तिच्यातले चार शब्द धावदोऱ्यालाही द्या. मराठीत टिप, हातशिलाई, गोट, मगजी, अस्तर असे कितीतरी शब्द आहेत आणि या लेखांत त्यांतला एकही मला भेटलेला नाही. आपल्या अंगावरच्या वस्त्राचे नेमके वर्णन करणारे शब्द हाताशी असले, की भावाची हुडी घातलेल्या मुलीला सबब सांगावी लागणार नाही. तिच्या पोशाखात काय विचार आहे, हे ती सांगू शकेल.