पुरावा आणि पूज्यभाव

हुतात्म्यांचे स्मरण करताना प्रश्न विचारणे हे अश्रद्धेचे लक्षण होय, अशी एक समजूत आमच्या शिक्षकवर्गात, आणि त्याहून अधिक आमच्या घराघरांत, रूढ आहे. ह्या समजुतीने इतिहासाच्या शिक्षणाची किती हानी होते, हे सोलापुरात विशेष स्पष्ट दिसते. म्हणून तिचा परामर्श येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

सोलापुरातील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी 12 जानेवारीनिमित्त लिहिलेले निबंध मध्यंतरी आमच्या पाहण्यात आले. विषय अर्थातच मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांचे बलिदान. 1931 साली त्याच दिवशी येरवड्याच्या तुरुंगात हे चौघे फाशी गेले. निबंधांचे अक्षर सुरेख, भाषा आवेशपूर्ण. परंतु वीस-पंचवीस वह्यांत वाक्ये तीच, विशेषणे तीच, इतकेच नव्हे तर चुकाही त्याच! 1930 च्या मे महिन्यात सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होते, असे प्रत्येकाने लिहिले होते. हे कशावरून, असा प्रश्न मात्र एकालाही पडला नव्हता. दोष मुलांचा नव्हे. हा प्रश्न त्यांस कोणी शिकविलाच नाही.

वस्तुतः तो शिकविण्यास ह्याहून चांगला प्रसंग मिळणे कठीण. गांधीजींच्या अटकेनंतर शहर खवळले, 8 मे रोजी गोळीबार झाला, पुढे उसळलेल्या दंगलीत पोलीस मारले गेले, आणि 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. मधल्या दिवसांस सरकारपक्ष बेबंदशाही म्हणतो; लोकपक्षाच्या आठवणी सांगतात की, काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी शहराची व्यवस्था चोख ठेविली. ह्यांपैकी एक बाजू खोटी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ती परीक्षा नव्हे. सरकारला लष्करी कायद्याचे समर्थन करावयाचे होते. आठवणी सांगणाऱ्यांस आपल्या गावाचा अभिमान होता. हे हेतू ओळखूनही एक गोष्ट उरते: त्या दिवसांत शहरावर पोलिसांचा अंमल उरला नव्हता, हे दोन्ही पक्षांच्या कथनांतून निघते. जेथे परस्परविरोधी साक्षीदार नकळत एकाच गोष्टीवर येऊन ठेपतात, तेथे पाय रोवण्यास जमीन मिळते. त्या स्थितीस ‘स्वातंत्र्य’ म्हणावे काय, हा वाद मग विद्यार्थ्यांनी खुशाल करावा.

वर्तमानपत्रांविषयीही हेच. लष्करी कायद्याच्या अमलात ‘कर्मयोगी’ पत्राच्या संपादकांस शिक्षा झाली, हे ज्यास ठाऊक आहे तो त्या आठवड्यांतील छापील मजकूर निराळ्या डोळ्यांनी वाचील. अमुक गोष्ट पत्रात आली नाही म्हणून ती घडलीच नाही, असे तो म्हणणार नाही.

चित्रांची व पुतळ्यांची गोष्ट तर याहून नाजूक. हुतात्मा चौकातील चार पुतळे मुले नेहमी पाहतात. परंतु पुतळा म्हणजे छायाचित्र नव्हे. तो हुतात्म्यांविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक तो उभारणाऱ्या पिढीविषयी सांगतो. तो कोणी उभारला, केव्हा, कोणत्या साधनांवरून, हे मुलांस विचारावयास लावावे. डोळ्यांस दिसले ते खरे, ही समजूत किती फसवी आहे याचे उदाहरण महाराष्ट्रापुढे आहेच. शिवाजी महाराजांचे म्हणून वर्षानुवर्षे आदराने पाहिले गेलेले एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच इसमाचे होते. वा. सी. बेंद्रे यांनी ते उघडकीस आणून 1933 मध्ये महाराजांचे समकालीन चित्र लोकांपुढे ठेविले.

यावर आक्षेप असा येतो की, कोवळ्या मनात संशय पेरल्याने पूज्यभाव लोपेल. बेंद्रे यांच्या शोधाने महाराजांविषयीचा आदर तिळभर तरी कमी झाला काय? उलट, जो नमस्कार भलत्याच चित्रास घडत होता, तो योग्य जागी पोहोचला. श्रद्धा सत्यावर उभी असेल तर तिला तपासाचे भय नसावे.

आणि सोलापूरच्या मुलांस हे सांगण्यास आणखी एक कारण आहे. हे चौघे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून, न्यायालयात पुढे आलेल्या पुराव्यावर, फाशी गेले. तो पुरावा कितपत ग्राह्य होता, कोणी कोणत्या परिस्थितीत साक्ष दिली, ऐकीव किती आणि पाहिलेले किती, ह्या प्रश्नांवर त्यांचे प्राण अवलंबून होते. ज्या गावाने चार माणसे अशी गमावली, त्या गावाच्या मुलांनी साक्षीची पारख शिकू नये, आणि त्यांच्याच स्मृतिदिनी फळ्यावरचा मजकूर वहीत उतरून द्यावा, यापरती विसंगती ती कोणती? पुढल्या 12 जानेवारीस एकाच शिक्षकाने एकच प्रश्न फळ्यावर लिहावा: ‘हे कशावरून?’ त्याची उत्तरे लिहिलेल्या वह्या एकसारख्या निघणार नाहीत. आणि हुतात्म्यांस तोच नमस्कार अधिक शोभेल, असे आम्हांस वाटते.