राष्ट्रपतींचं भाषण आणि आपण

इंग्लंडात नाताळला राजा टीव्हीवर बोलतो. आपल्याकडं राजा नाही. २५ जानेवारीच्या रात्री राष्ट्रपती बोलतात. जुन्नरची यष्टी चुकली म्हणून मी घोडेगावच्या एका हॉटेलात बसलो होतो. पडद्यावर द्रौपदी मुर्मू. एकजण म्हणला, "बसली बघ आपली बाई खुर्चीवर." दुसऱ्यानं लुगड्याचे काठ वाखाणले. आपल्याच चळवळीतल्या दोघांनी टाळ्या पिटल्या. बाई बोलल्या काय, ते कुणी ऐकलंच न्हाई.

याला ऐकणं म्हणत नाहीत. देवळात करतात तसं दर्शन झालं. राजकारणातल्या भक्तीबद्दल बाबासाहेबांनी १९४९ साली संविधान सभेत बजावलं होतं, ते आपण भाषणापुरतं ठेवलं.

२००१ साली याच भाषणात के. आर. नारायणन बोलले होते की, निष्पाप आदिवासींचा नाश करून हे प्रजासत्ताक उभारलं, असं पुढच्या पिढ्यांनी म्हणू नये. नारायणन दलित होते म्हणून नव्हे, या वाक्यासाठी मला ते आपले वाटतात. कारण ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव पडलं, ते गावच डिंभे धरणात बुडालंय. पाणी खाली उसाला गेलं, महादेव कोळी वर डोंगराकडं सरकले.

त्यातलाच एक म्हातारा कोपऱ्यात चहा पीत होता. भाषण संपल्यावर मला म्हणला, "पाण्याचं काय बोलली का रं ती?"