आणीबाणीचे साहित्य आणि तुरुंगाबाहेरचा माणूस

आणीबाणीवरचे मराठी लेखन प्रामुख्याने तुरुंगात गेलेल्यांचे किंवा त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांचे आहे. ते साहजिकही आहे. २५ जून १९७५ नंतर मिसा आणि भारत संरक्षण नियमांखाली देशभरात लाखाहून अधिक माणसे गजाआड गेली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण असताना, लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली. १९७६ मध्ये त्यांनाही अटक झाली. विनय हर्डीकरांचे ‘जनांचा प्रवाहो चालिला’ (१९७८) हे याच परंपरेतले महत्त्वाचे पुस्तक. चळवळीतल्या कार्यकर्त्याची नजर हे त्याचे बळ आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे.

कारण हुकूमशाही फक्त तुरुंगात नांदत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यात आणीबाणीचा विषय काढला, की जुनी माणसे पहिल्यांदा ‘गाड्या वेळेवर येत होत्या’ असेच सांगतात. सप्टेंबर १९७५ च्या वटहुकुमाने किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला, ही आठवण मात्र कारखान्यांच्या या गावांतही मागे पडली आहे. वेळेवरची गाडी लक्षात राहते, कापलेला बोनस विसरला जातो. ही विस्मृती कशी घडते, हा खरा साहित्याचा विषय होता. मराठी कादंबरीने त्याला पुरेसा हात घातला नाही.

इथे राही मासूम रझा यांच्या ‘कटरा बी आर्ज़ू’ या हिंदी कादंबरीची आठवण होते. अलाहाबादच्या एका गरीब मोहल्ल्यात बिल्लो आणि देशराज स्वतःच्या घराचे स्वप्न बघतात. त्यांना सत्ता नको, घर हवे. आणीबाणी त्यांच्या दारात येते ती बुलडोझरच्या रूपाने. फाळणीत घरदार गमावलेल्यांनी लष्करी छावणीत वसवलेल्या उल्हासनगरात, जिथल्या अनधिकृत बांधकामांसाठी २००६ मध्ये खास कायदा करावा लागला, तिथल्या वाचकाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. रझा तत्त्वचर्चा न करता मोहल्ला दाखवतात. हिंदू-मुसलमान दोघेही एकाच ढिगाऱ्याखाली येतात, हे त्यातून आपोआप कळते.

शिक्षक म्हणून मला आणखी एक रिकामी जागा खुपते. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. अनेक ठिकाणी शिक्षकांना ‘केसेस’ आणण्याचे कोटे दिले गेले. कोटा भरला नाही तर पगार अडवला जाई. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते, पण ते अंमलात आले नाही. हुकूम पाळणारा मास्तर, यादी करणारा कारकून यांच्या मनात काय चालले होते? तो जुलमाचा बळीही होता आणि हत्यारही. जेलच्या आठवणींतून तो दिसणे शक्य नाही. त्याला कथाकारच हवा.

या साहित्याचा वारसाही वादातच सापडला. हर्डीकरांच्या पुस्तकाला जाहीर झालेला पुरस्कार १९८१ मध्ये राज्य सरकारने मागे घेतला. तेव्हा मुख्यमंत्री बॅ. अंतुले होते. आपल्या समाजाला त्यांच्याविषयी अभिमान वाटतो, म्हणून ही नोंद आपणच लपवून ठेवू नये. २०१८ मध्ये आणीबाणीतल्या बंदिवानांना मानधन सुरू झाले. २०२० मध्ये ते बंद पडले आणि २०२२ मध्ये पुन्हा चालू झाले. त्याच २०२२ च्या डिसेंबरात कोबाड गांधी यांच्या पुस्तकाच्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाचा पुरस्कार रद्द झाला. २०२४ मध्ये केंद्राने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ ठरवला. सरकारे बदलतात, पण पुस्तकाची भीती बदलत नाही.

जुलै १९७५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आणि जमाअते इस्लामी या दोन्हींवर एकदमच बंदी आली होती. एकमेकांचे विरोधक एकाच कायद्याने आत गेले. यावरून दोघांनी आणि आपण सर्वांनी घ्यायचा धडा साधा आहे. विरोधकाच्या पुस्तकावर गदा येते तेव्हा जो बोलतो, त्यालाच आणीबाणीचा निषेध करण्याचा नैतिक हक्क पोहोचतो. मुस्लिम मराठी लेखकाने हा निकष आधी स्वतःला लावावा आणि मग तुरुंगाबाहेरच्या त्या मास्तराची, कारकुनाची, गिरणीकामगाराची गोष्ट लिहायला घ्यावी.