कळ दाबली, अक्षर उमटले का?

ज्यांनी टंकलेखनाचा वर्ग केला आहे त्यांना टाइपरायटरच्या आवाजाचे वर्णन करून सांगायला नको. धाराशिव, तुळजापूर, उमरगा अशा गावांत या वर्गांसमोरून जाताना आत किती मुले बसली आहेत ते रस्त्यावरच कळे. गोदरेज-बॉइस कंपनीने १९५५ मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर बनवला आणि २००९ मध्ये हे उत्पादन थांबवले. टंकलेखनाच्या परीक्षाही आता संगणकावर होतात. तो आवाज गेला, आणि आज तोच आवाज पाच-सात हजार रुपये मोजून विकत घेतला जातो! ‘मेकॅनिकल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महागड्या संगणक-कळफलकांची तारीफ बहुधा त्यांच्या आवाजावरून आणि बोटांना होणाऱ्या स्पर्शावरून चालते. ती तारीफ कितपत खरी आहे, आणि मराठी लिहिणाऱ्याला ती कितपत लागू पडते, हे आम्ही तपासून पाहिले. माजी विद्यार्थ्यांनी पुण्याहून आणलेले चार फलक, संगणककक्षातला नेहमीचा फलक आणि एक जुना मराठी टाइपरायटर एवढी सामग्री जमली.

प्रथम टाइपरायटर. त्यात कळ दाबली की दांडी उसळून कागदावर आपटते. जो ‘टक्’ ऐकू येतो तो अक्षर उमटल्याचाच आवाज असतो. वरच्या-खालच्या मात्रांच्या काही कळा दाबल्या तर गाडी पुढे सरकत नाही, त्यामुळे त्यांचा आवाजही निराळा, थोडा अपुरा. जुन्या टंकलेखकाला मात्रा बसली की नाही हे न पाहता कळे, त्याचे कारण हेच. आमच्या मते कळफलकाची खरी कसोटी येथेच आहे. बोटाला आणि कानाला जे कळते ते अक्षर उमटण्याच्या क्षणीच कळते का?

संगणककक्षातला पाचशे रुपयांचा फलक या कसोटीला उतरत नाही. त्याच्या प्रत्येक कळीखाली रबराची एक छोटी टोपी असते. दाब वाढत गेला की टोपी एकदम बसते, आणि बोटाला वाटते की काम झाले. परंतु विद्युतजोड होतो तो त्यानंतर, कळ जवळजवळ तळाला टेकल्यावर. टोपीत धूळ शिरली वा रबर कडक झाले की ही तफावत जाणवू लागते. घाईत असलेल्या मुलाचा काना गळतो, ‘राग’चे ‘रग’ होते. शासकीय लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांची अट असते. म्हणजे शब्दाला दोन सेकंद. त्यात गळलेला काना शोधायला वेळ कुठला!

याच्या अगदी विरुद्ध टोकाला आयबीएमचा ‘मॉडेल एम’. तो १९८५ मध्ये आला आणि त्याच पद्धतीचे फलक आजही बनतात. यातील युक्ती वर्गात दाखवता येते. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून तळहाताने हळूहळू दाबा. बराच वेळ काही होत नाही, आणि मग ती एकाएकी बाजूला वाकते. उभ्या खांबाचे हे वाकणे ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात गणिताने मांडले. मॉडेल एमच्या कळीखालची स्प्रिंग अशीच एकाएकी वाकते, तिच्या झटक्याने खालचा इवला हातोडा कलतो आणि जोड होतो. आवाज, बोटाला बसणारा झटका आणि अक्षर, तिन्ही एकाच घटनेतून. टाइपरायटरवर शिकलेल्या आमच्या एका सहकाऱ्यांनी चार ओळी लिहिल्या आणि ‘हे ओळखीचे आहे’ एवढेच म्हणाले.

जर्मनीच्या चेरी कंपनीचे ‘एमएक्स’ खटके या दोहोंच्या मधले. त्यांचे रंगावरून प्रकार आहेत. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ब्लूला ६० सेंटीन्यूटन बल लागते, ब्राउनला ५५, रेडला ४५. कळ एकूण ४ मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर साधारण अर्ध्या वाटेवरच उमटते. हे बल मोजायला उपकरण नको. २०११ च्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे ६ ग्रॅमचे असते (तरी प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलून घ्यावे). कळीवर एकावर एक नाणी रचत जा आणि पडद्यावर अक्षर कितव्या नाण्याला उमटते ते पाहा. ब्लूला दहा-अकरा लागावीत, रेडला सात-आठ.

ब्लूचा ‘टिक्’ मोठा आकर्षक. पण तो खटक्यातल्या एका वेगळ्या उडत्या तुकड्याचा आवाज आहे, विद्युतजोड दुसरीच पट्टी करते. खाली जाताना दोन्ही घटना जवळजवळ एकदम होतात. वर येताना मात्र कळ जोडबिंदूच्या बरीच वर गेल्याशिवाय पुन्हा वापरता येत नाही. इंग्रजी परीक्षक याबद्दल कुरकुरतात, कारण त्यांच्या भाषेत तेच अक्षर लागोपाठ दोनदा येणे रोजचे आहे. मराठीत? इन्स्क्रिप्ट मांडणीत ‘सत्ता’ लिहिताना दोन ‘त’च्या मध्ये पाय मोडण्याची कळ येते. ‘ससा’, ‘शशी’ असे शब्द सोडले तर तीच कळ लागोपाठ दाबावी लागत नाही. तेव्हा हा दोष आपल्याला फारसा बोचत नाही.

आपल्याला बोचते ती शिफ्ट, आणि तिच्याकडे या परीक्षणांचे फारसे लक्ष नाही. इंग्रजीत ती वाक्याच्या आरंभी आणि विशेषनामाला लागते. १९९१ च्या भारतीय मानकातल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत ख, घ, थ, ध, भ, श, ण, ळ हे सारे शिफ्टवर, शब्दारंभीचे स्वरही शिफ्टवर. ‘आई’ हा शब्द तर शिफ्टशिवाय सुरूही होत नाही आणि संपतही नाही. २०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले. ‘उस्मानाबाद’ला दहा कळा आणि एक शिफ्ट लागे, ‘धाराशिव’ला सात कळा आणि दोन शिफ्ट. एकूण कष्ट कमी झाले खरे, पण करंगळीचे वाढले! व्यंजने बहुतेक उजव्या हाताला असल्याने हा भार मुख्यतः डाव्या करंगळीवर पडतो, आणि शिफ्ट नुसती टिचकावून चालत नाही, दाबून धरावी लागते. मॉडेल एमची जड स्प्रिंग येथे नकोशी होते. आमच्यातील दोघींनी अर्ध्या पानानंतर हात झटकला.

शिफ्ट लांब असल्याने ती समतोल राहावी म्हणून तिच्याखाली एक तार बसवतात. ही तार सैल असली की खुळखुळते. इंग्रजी लिहिताना हा खुळखुळाट अधूनमधून ऐकू येईल, मराठीत तो जवळजवळ प्रत्येक शब्दाला. आमच्याकडील सर्वांत महागड्या फलकाचा हाच दोष निघाला.

आवाजाची जी रसभरीत वर्णने केली जातात त्यांतील निम्मा आवाज टेबलाचा असतो. नादकाटा टेबलावर टेकवल्यावर मोठा का होतो, हे आपण शिकवतोच. तोच फलक लोखंडी टेबलावर ठेवला, मग शहाबादी फरशीच्या ओट्यावर, मग खाली दुमडलेला टॉवेल घालून पाहिला. तीन निराळे फलक वाटावेत इतका फरक पडला.

आता शाळेसाठी काय घ्यावे? वीस मुले एकदम बसणाऱ्या खोलीत मॉडेल एम वा ब्लू घेणे म्हणजे शिक्षकाचा आवाज बुडवणे. रेड हलका व शांत, पण जोड झाला हे तो बोटाला मुळीच सांगत नाही. ब्राउनचा उंचवटा फिका आहे, ही तक्रार आम्हालाही मान्य आहे. तरीही तो योग्य ठिकाणी जाणवतो, म्हणून शिकणाऱ्याला आम्ही तोच देऊ. काही फलकांत खटके उपसून बदलता येतात. आमच्या चारपैकी एक तसा होता. त्याच्या दोन्ही शिफ्टखाली रेड आणि बाकी सगळीकडे ब्राउन बसवले, तारेला थोडे वंगण दिले, खाली टॉवेल घातला. हात झटकणाऱ्या दोघींनी त्यावर पूर्ण पान लिहिले.