ऊर्ध्वपातित पाण्यातले संशोधन

बहुवारिकांचे म्हणजे पॉलिमरचे रसायनशास्त्र आणि पर्यावरणाचे रसायनशास्त्र हे पदव्युत्तर अभ्यासक्रमात बहुधा दोन वेगळे विषय म्हणून शिकवले जातात. एकात विद्यार्थी बहुवारिके कशी तयार होतात आणि त्यांचा रेणुभार कसा मोजतात हे शिकतो. दुसऱ्यात पाण्याची दुष्फेनता, विद्राव्य ऑक्सिजन, बीओडी आणि सीओडी. दोन्ही पेपर सुटतात, पण या दोन विषयांची गाठ वर्गात क्वचितच पडते. बुलढाणा जिल्ह्यात मात्र पाणी शुद्ध करणाऱ्या प्रत्येक आरओ यंत्रात ती रोज पडते. यंत्रातले पटल पॉलिअमाइड या बहुवारिकाचे असते आणि खारपाण पट्ट्यात त्याच्यासमोर येते ते पूर्णेच्या खोऱ्यातले खारे पाणी.

हा पट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावे त्यात येतात. २०२४च्या अखेरीस आणि २०२५च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळू लागले. पहिला संशय पाण्यावर गेला. तपासणीत नायट्रेट आणि विद्राव्य क्षारांचे प्रमाण जास्त आढळले. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या शरीरात सेलेनियम फार वाढल्याचे मांडले आणि रेशनच्या गव्हाकडे लक्ष वेधले. पाणी, धान्य, रक्त, केस यांतले काहीही तपासायचे झाले तरी गाठावी लागते ती रसायनशास्त्राची प्रयोगशाळाच.

बुलढाणा जिल्हा १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या, कार्यक्षेत्रात येतो. विदर्भातील विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत बहुवारिकांच्या एका विषयावर विपुल संशोधन झाले आहे. एखादे फिनॉलवर्गीय संयुग, एखादे अमाइनवर्गीय संयुग आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून रेझीन बनवायचे, त्याची रचना ठरवायची आणि ते तांबे, निकेल, जस्त, शिसे अशा धातूंचे आयन किती शोषते हे मोजायचे, असे या कामाचे साधारण स्वरूप असते. या कामाचे गुण आधी सांगायला हवेत. रसायने सहज मिळणारी आहेत, साधनसामग्री बेताची लागते. लहान गावातल्या महाविद्यालयातला विद्यार्थीही पदार्थ स्वतःच्या हाताने बनवतो, शुद्ध करतो, वर्णपट वाचतो. शिक्षण म्हणून हे मोलाचे आहे.

आक्षेप आहे तो पुढच्या टप्प्याला. अशा निबंधाच्या अखेरीस बहुधा एक वाक्य येते: हे रेझीन दूषित पाण्याच्या शुद्धीकरणासाठी उपयोगी पडू शकेल. पण प्रयोगातले पाणी सहसा ऊर्ध्वपातित असते. त्यात मोजून एका धातूचा क्षार मिसळलेला असतो. सोबतच्या इतर क्षारांचा परिणामही तपासतात, तोही बहुधा एकेका क्षाराचा. विहिरीत मात्र सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्लोराइड, सल्फेट, बायकार्बोनेट सारेच एकत्र असतात आणि रेझिनवरच्या त्याच जागांसाठी त्यांची स्पर्धा चालते.

दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. फिनॉल व कार्बॉक्सिल गट धन आयनांना धरतात. नायट्रेट आणि सेलेनेट हे ऋण आयन आहेत. त्यांच्यासाठी चतुष्क अमोनियम गट असलेले वेगळे रेझीन लागते. तेथेही नेहमीच्या रेझिनांना नायट्रेटपेक्षा सल्फेट अधिक प्रिय असते. रेझीन भरत आले, की येणारे सल्फेट आधी धरलेल्या नायट्रेटला हुसकावून पुन्हा पाण्यात ढकलते. म्हणजे देखरेख सुटली तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात आत येणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त नायट्रेट असू शकते. शिवाय वापरलेले रेझीन पुन्हा कामाला लावण्यासाठी मिठाच्या दाट द्रावणाने धुवावे लागते. ते धुवण खारपाण पट्ट्यात कुठे ओतायचे? हा प्रश्न सोडवल्याशिवाय उपयोगितेचे ते वाक्य लिहू नये.

स्थानिक प्रश्नातून बहुवारिकांचे चांगले संशोधन होऊ शकते, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. लोणार सरोवराच्या पाण्याचा पीएच १०च्या आसपास असतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी तेथून वेगळ्या केलेल्या हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस या जीवाणूकडून जैवविघटनशील बहुवारिक मिळवले. त्यासाठी शेतीतील टाकाऊ पदार्थही वापरून पाहिले. तेथे सरोवराचा खारेपणा टाळायची अडचण ठरला नाही, तोच अभ्यासाचा आरंभ झाला.

विहिरीच्या पाण्यावरचा प्रयोग किचकट असतो, आलेख सरळ येत नाही आणि निबंध लांबतो, हे खरे. २०१०च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीची सांगड शोधनिबंधांच्या गुणांशी घातली, तेव्हा सोप्या नमुन्याकडे कल वाढला तर नवल नाही. पण उपाय फार खर्चाचा नाही. आहे त्याच रेझिनसाठी निष्कर्षांच्या तक्त्यात एक स्तंभ वाढवावा: खारपाण पट्ट्यातील एका विहिरीचे पाणी. निकाल वाईट आला तरी तो छापावा. पुढच्या विद्यार्थ्याला त्याचाच उपयोग अधिक होईल.

शाळेतील शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. आरओ यंत्रात जाणारे, शुद्ध होऊन आलेले आणि टाकून दिलेले असे तीन नमुने आणावेत. विद्राव्य क्षार मोजण्याचे छोटे मीटर पुरेसे आहे. सोय असेल तर सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडचे अनुमापन करावे. प्रत्येक पाण्याचे लिटर आणि दर लिटरमधले क्षार यांचा गुणाकार मुलांकडून करून घ्यावा. दोन्ही बाजूंची बेरीज जवळपास जुळते, म्हणजे पटलाने क्षार नष्ट केलेले नसतात, फक्त एका बाजूला सारलेले असतात. मग मुलांना टाकलेल्या पाण्याची नाली कुठवर जाते ते पाहून यायला सांगावे.