दीर्घकालीन आजारांचे दूरस्थ निरीक्षण : भाकीत आणि उत्तरदायित्व

प्रस्तावना

मधुमेह, उच्च रक्तदाब, हार्ट फेल्युअर यांसारखे आजार सहसा पूर्णपणे बरे होत नाहीत. ते आयुष्यभर सांभाळावे लागतात. रुग्ण वर्षातून मोजक्या वेळी दवाखान्यात येतो आणि उरलेला काळ घरीच असतो. ही उणीव दूर करण्यासाठी दूरस्थ निरीक्षणाची पद्धती पुढे आली. रुग्णाच्या घरातील वजनकाटा, रक्तदाबमापक इत्यादी उपकरणांच्या नोंदी केंद्राकडे पाठवायच्या आणि अल्गोरिदमच्या साहाय्याने धोका आधीच ओळखायचा, असे तिचे स्वरूप आहे. या पद्धतीची स्तुती बहुधा भाकिताच्या अचूकतेच्या आधारे केली जाते. हा निकष आवश्यक असला तरी पुरेसा नाही. इशारा मिळाल्यानंतर कोण, कोणत्या अधिकाराने कृती करतो, हा प्रश्न तितकाच निर्णायक आहे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

चाचण्यांचे निष्कर्ष

हार्ट फेल्युअरमध्ये शरीरात पाणी साठू लागले की धाप लागण्यापूर्वीच अनेकदा वजन वाढते. त्यामुळे रोजचे वजन कळले तर रुग्णालयातील भरती टळेल, हा तर्क स्वाभाविक होता. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेली-एचएफ चाचणीत रुग्णांनी स्वयंचलित दूरध्वनी यंत्रणेला रोज लक्षणे व वजन कळवायचे होते. १८० दिवसांत पुन्हा भरती होणे किंवा मृत्यू यांचे प्रमाण निरीक्षणाखालील गटात ५२.३ टक्के, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ५१.५ टक्के आढळले. १४ टक्के रुग्णांनी यंत्रणा एकदाही वापरली नाही.

याउलट जर्मनीतील टिम-एचएफ२ या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सुमारे दीड हजार रुग्ण होते आणि त्यांपैकी निरीक्षणाखालील गटाच्या नोंदी बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील केंद्राकडे जात. तेथे डॉक्टर व परिचारिका अहोरात्र उपलब्ध होते. औषधात बदल करणे किंवा रुग्णाला भरती करविणे हे त्यांच्या कक्षेत होते. हृदयविकारामुळे झालेली अनियोजित भरती आणि मृत्यू यांमुळे गमावलेले दिवस नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात वर्षाला सरासरी २४.२, तर निरीक्षणाखालील गटात १७.८ होते.

दोन्ही चाचण्यांतील देश, रुग्णांची निवड आणि उपकरणे भिन्न असल्याने ही तुलना अंतिम पुरावा मानता येत नाही. शिवाय केवळ माणूस नेमला म्हणजे काम झाले, असेही नाही. कॅलिफोर्नियातील बीट-एचएफ या २०१६ च्या चाचणीत उपकरणांच्या जोडीला परिचारिकांचे दूरध्वनी होते. तरीही १८० दिवसांतील पुनर्भरती घटली नाही. यावरून एवढे म्हणता येते की, मोजमाप, संपर्क आणि उपचार बदलण्याचा अधिकार हे तिन्ही घटक एका साखळीत असावे लागतात.

भाकीत नेमके कशाचे?

अल्गोरिदम अचूक असूनही अन्यायकारक ठरू शकतो. अमेरिकेत जास्त काळजीची गरज असलेले रुग्ण निवडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका अल्गोरिदमचे विश्लेषण २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तो आजाराचे नव्हे, तर भावी खर्चाचे भाकीत करीत होता. कृष्णवर्णीय रुग्णांवर त्याच गरजेसाठी कमी खर्च होत असल्याने ते अधिक आजारी असूनही कमी जोखमीचे ठरत. हा दोष दूर केल्यास अतिरिक्त साहाय्य मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांनी दाखविले. जिथे उपचारच पोहोचत नाहीत, तिथे खर्च कमीच दिसणार. हा धडा ग्रामीण भारतालाही लागू पडतो.

भारतीय संदर्भ

परकीय नोंदींवर घडविलेले भाकीत येथे जसेच्या तसे लागू करणे धोक्याचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीराचे उदाहरण दिले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. एकच आकडा दोन शरीरांत दोन अर्थ धारण करतो.

आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्यांची काळजी तंत्रज्ञानाविना घेणे कठीण आहे, हे मान्य करावे लागते. परंतु भाकिताचे एक साधे साधन येथे आधीच रूढ आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आशा कार्यकर्ती वय, कंबरेचा घेर, तंबाखूसेवन आदी बाबींवरून गुण देते आणि ४ पेक्षा अधिक गुण असलेल्यांना तपासणीसाठी प्राधान्य मिळते. या साधनाचे बळ गणितात नसून, गुण देणारी व्यक्ती त्याच गावात राहते आणि पुन्हा दारात येऊ शकते, यात आहे. तिची मर्यादाही स्पष्ट आहे : औषध बदलण्याचा अधिकार तिला नाही.

समारोप

दूरस्थ निरीक्षणाला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. जर्मनीतील अनुभव त्याची उपयुक्तता दर्शवितो. तथापि कोणतीही योजना स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले जाणे अगत्याचे आहे : अल्गोरिदम आजाराचे भाकीत करतो की खर्चाचे, ते कोणाच्या नोंदींवर तपासले आहे, आणि रात्री आलेल्या इशाऱ्याला उत्तर देणारा अधिकारी कोण? ज्या आराखड्यात उपकरणांची संख्या आहे, परंतु प्रतिसाद देणाऱ्यांची पदे नाहीत, तो आराखडा अपूर्णच समजावा लागेल.