मधला भाग

आमच्या समीक्षकांना मला एक प्रश्न विचारावयाचा आहे. ज्या ग्रंथांच्या आधारे आपण वाद घालतो, ते वाचकाला मिळतात काय?

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या गावच्या विहारात पुस्तकांचे एक कपाट आहे. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांची मराठी भाषणे अठराव्या खंडात, तीन भागांत, २००२ साली प्रसिद्ध केली. त्यांतला पहिला भाग कपाटात आहे, तिसराही आहे. दुसरा नाही. दीक्षाभूमीवर विचारले, चैत्यभूमीवर विचारले. ‘संपला’ एवढेच उत्तर मिळाले.

पहिला भाग १९३६ ला थांबतो आणि तिसरा १९४६ ला सुरू होतो. मध्ये जे गळाले ते काय? स्वतंत्र मजूर पक्षाची उमेदीची वर्षे. १९३७ चे खोती नष्ट करण्याचे विधेयक. जानेवारी १९३८ मधील कोकणच्या शेतकऱ्यांचा विधिमंडळावरचा मोर्चा. त्याच वर्षी मनमाडला रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन्ही शत्रूंची केलेली ओळख. ७ नोव्हेंबर १९३८ चा कामगारांचा संप.

आमच्या कपाटात महाडचे बाबासाहेब आहेत, धर्मांतराचे आहेत. जमीन आणि मजुरी यांवर बोलणारे नाहीत. हळदीच्या रानात राबणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या भूमिहीन माणसाला तर नेमके तेच हवे आहेत. ग्रंथ असा अर्धवट उरला, की विचारही अर्धवट उरतो आणि अर्धवट विचार जयंतीपुरता वापरणे सर्वांनाच सोयीचे जाते.

जे खपत नाही ते छापले जात नाही, असा बाजाराचा न्याय सांगितला जातो. तो येथे लागू नाही. १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ची दीड हजार प्रतींची इंग्रजी आवृत्ती दोन महिन्यांत संपली. त्यामागे शासन नव्हते, अनुदान नव्हते. उलट शासकीय खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीची डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाचक उभा आहे आणि ग्रंथ नाही, अशी ही टंचाई आहे.

हे खंड आता संगणकावर आहेत, असे शिकलेले मित्र सांगतात. खरे आहे. पण तेथे शोधावे लागते आणि जे आहे हेच ठाऊक नाही, ते कोण शोधणार? कपाटातले पुस्तक मात्र पोराच्या हाती सहज लागते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दलित साहित्यावर लिहिणाऱ्याने ग्रंथाचे नाव घेताच तो आज मिळतो की नाही, हेही लिहावे. मिळत नसेल तर तो कोणाकडे अडला, हे विचारावे. आवृत्ती संपल्याची बाब आपण प्रकाशकाच्या हिशेबवहीत सोडून दिली आहे. ती समीक्षेत आणली पाहिजे.